जुन्या तावदानांतून येणारं थंडीतलं ऊन: फोटोत कसं पकडता?

रानजाई

विषय अरुंद आहे, पण इथे फोटो काढणारी आणि जुन्या घरांत राहिलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते.

वाईला माझ्या मामांच्या वाड्याच्या माडीवर आग्नेयेला तोंड करून तीन खिडक्या आहेत. वाडा बराच जुना, काचा नंतर ब्रिटिश काळात कधीतरी बसवलेल्या. काही तावदानं फुटली तिथे अलीकडची काच आली आहे, बाकी जुनीच. नुसतं खिडकीकडे बघून फरक चटकन कळत नाही. थंडीत सकाळचं ऊन आत आलं की मात्र समोरच्या चुन्याच्या भिंतीवर कुठलं तावदान जुनं आणि कुठलं नवं ते स्वच्छ वाचता येतं. नव्या काचेचा चौकोन एकसारखा उजळलेला. जुन्या काचेच्या चौकोनात उभ्या लहरी, मध्येच एखादी ठळक रेघ, कुठे बुडबुड्याचा काळसर ठिपका आणि त्याच्याभोवती उजळ कडं.

जुन्या खिडक्यांचे फोटो काढताना बहुतेक जण कॅमेरा खिडकीकडे धरतात. माझ्या मते खरा फोटो समोरच्या भिंतीवर आहे. त्या काचेत किती हातांचं काम गोठलेलं आहे ते ऊन त्या भिंतीवर मांडून दाखवतं.

अडचण अशी की कॅमेऱ्यात ते येत नाही. उजेडाचे चौकोन पांढरेफटक होतात आणि लहरी पुसल्या जातात, नाहीतर बाकी खोली काळीठिक्कर पडते. शिवाय हा प्रकार काही आठवडेच नीट दिसतो आणि सगळ्या भिंतींवर सारखा दिसत नाही. खिडकीजवळच्या बाजूच्या भिंतीवर लहरी जवळजवळ नसतात. असं का?

घाईचं कारण हे की होळीनंतर वाडा उतरवायचा ठरला आहे. त्याआधी नीट नोंद करून ठेवायची आहे.

अंधारखोली

एक्सपोजरचं, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा त्याचं, आधी सांगतो, ते सोपं आहे.

उन्हाचा चौकोन आणि खोलीची सावली यांत सहज सहा-सात स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कॅमेरा अख्ख्या खोलीची सरासरी काढतो, खोली बहुतांशी अंधारी, म्हणून तो उजेड वाढवतो आणि चौकोन जळतात. स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजण्याची सोय) लावा, माप थेट उन्हातल्या चुन्यावर घ्या आणि तिथून एक ते सव्वा स्टॉप वर न्या. त्याहून जास्त नको. साडेआठच्या सुमाराच्या उन्हाला, जुन्या मळकट काचेतून, आयएसओ १०० आणि एफ ८ ला सेकंदाचा २०० वा भाग इथून सुरुवात करून बघा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

लहरींमधला उजेडाचा फरक मुळात कमी असतो. चौकोन जरा जरी जळला तरी आधी जातो तो हाच फरक. त्यामुळे हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, वाचवणं इथे चवीचा प्रश्न नाही, तिथेच तुमचा विषय आहे. सावली नंतर उचलता येते. सावलीत थोडा तपशील हवाच असेल तर चौकटीबाहेर जमिनीवर पांढरी चादर अंथरा, तिच्यावरून परतलेला उजेड पुरेसा होतो.

व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा उन्हाचा पिवळेपणा काढून टाकतो आणि सावलीतला निळेपणाही. त्या दोन रंगांच्या शेजारामुळेच थंडीची सकाळ थंडीची वाटते.

भिंगरी

पदार्थविज्ञान शिकवते, म्हणून 'असं का' चं उत्तर माझ्याकडे.

जुनी काच सगळीकडे सारख्या जाडीची नसते. जिथे किंचित जाड तिथे ती बहिर्गोल भिंगासारखं वागते आणि किरण थोडे एकत्र आणते, जिथे पातळ तिथे पांगवते. ही भिंगं फार कमकुवत असतात, म्हणून त्यांचा परिणाम दिसायला किरणांना अंतर कापावं लागतं. काचेपासून वीतभर अंतरावर किरण अजून वेगळे झालेलेच नसतात. म्हणून तुमच्या बाजूच्या भिंतीवर काही दिसत नाही. दोन-तीन मीटरवर ते एकमेकांत मिसळून रेघा तयार होतात. कृष्णेच्या उथळ पाण्यात तळाच्या वाळूवर उन्हाची जाळी हलते ना, अगदी तेच. इथे लाटा गोठलेल्या आहेत म्हणून जाळी थांबलेली आहे. बुडबुडा उलट वागतो, किरण बाहेर फेकतो, म्हणून मध्ये काळं आणि कडेला उजळ.

मग भिंत जितकी लांब तितकं चांगलं का? तसंही नाही. सूर्य बिंदू नाही. आकाशात तो सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे कुठलीही रेघ किंवा सावलीची कड अंतराच्या साधारण १०७ व्या भागाइतकी पसरट होते. एक मीटरवर हा पसरटपणा ९ मिलिमीटर, चार मीटरवर पावणेचार सेंटिमीटर. बारीक रेघा लांबच्या भिंतीवर एकमेकींत विरघळतात, रुंद लहरी तेवढ्या टिकतात.

म्हणजे प्रत्येक काचेचं आपलं एक अंतर असतं. ते शोधायला पांढरं कार्डशीट हातात धरून खिडकीपासून भिंतीकडे हळूहळू चालत जा. जिथे रेघा सर्वांत धारदार दिसतील तिथे पडदा उभा करा आणि त्याचा फोटो काढा. भिंत जिथे आहे तिथे असते, पण फोटो तिच्यावरच काढला पाहिजे असं नाही.

दख्खनी

माहितीपूर्ण प्रतिसाद. एक शंका. सकाळचा सूर्य बाराही महिने खालीच असतो. मे महिन्यात सव्वासातला तो जवळपास तितकाच तिरका असतो जितका डिसेंबरात साडेआठला. मग थंडीचंच महत्त्व का? मला वाटतं हे युरोपातल्या फोटोंवरून आपल्याकडे आलेलं आहे.

भिंगरी

शंका रास्त आहे, आणि उंचीपुरतं तुमचं बरोबर आहे. आपल्याकडे फरक दिशेचा आहे.

वाईचा अक्षांश सुमारे १८. डिसेंबरअखेर तिथे सूर्य नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला उगवतो, जूनअखेर तितकाच उत्तरेला. म्हणजे वर्षभरात उगवतीची जागा ५० अंश सरकते. रानजाईंच्या खिडक्या आग्नेयेला आहेत. डिसेंबरात साडेआठला सूर्य १७-१८ अंश वर आणि खिडकीच्या जवळजवळ समोर असतो, त्यामुळे ऊन खोली ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढतं. मेच्या शेवटी तितकाच खाली असलेला सूर्य खिडकीला फार कडेने भेटतो. वाड्याच्या भिंती जाड, खिडकी त्या जाडीत आत बसवलेली. ते ऊन भिंतीच्या जाडीतच अडतं. पुढे पावसाळा.

दक्षिणेच्या खिडकीचं तर आणखी सरळ आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत वाईत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, त्या दिवसांत दुपारी त्या खिडकीत थेट ऊन येऊच शकत नाही. डिसेंबरात मध्यान्हीची उंची साडेअठ्ठेचाळीस अंशांच्या आसपास, तेव्हा येतं, पण खिडकीपासून दोन पावलांत जमिनीवर पडून संपतं. म्हणून आपल्याकडे पूर्व-आग्नेयेची खिडकी आणि सकाळ.

उत्तरवारा

दख्खनी, युरोपाबद्दल थोडं. मी कोपनहेगनला राहतो. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य ११ अंशांच्या वर जात नाही आणि दिवस जेमतेम सात तासांचा. दोन मीटर उंच खिडकीच्या वरच्या कडेतून आलेलं ऊन दहा मीटर आत जाऊ शकतं, तेही दुपारी बारा वाजता. आकाश निरभ्र असेल तर. ते फार वेळा नसतं, म्हणून ऊन पडलं की लोक हातातलं काम टाकून खिडकीशी जातात.

इथला चित्रकार विल्हेल्म हॅमरशोय (१८६४ ते १९१६) याने या उन्हावर आयुष्य घातलं. १८९८ पासून १९०९ पर्यंत तो स्ट्रांडगाडे रस्त्यावरच्या ३० नंबरच्या जुन्या घरात राहत होता आणि तिथल्याच खोल्या पुन्हा पुन्हा रंगवत होता. त्याचं १९०० सालचं एक चित्र कोपनहेगनजवळच्या ओर्द्रुपगार्ड संग्रहालयात आहे: रिकामी खोली, बंद दार, खिडकी, तिरपे उतरणारे उन्हाचे झोत आणि जमिनीवर तावदानांचा उजळ ठसा. खोलीत एकही वस्तू नाही. फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने ते चित्र बघावं. मुख्य म्हणजे त्यात खिडकीबाहेर काय आहे याला काहीच महत्त्व नाही. रानजाई म्हणतात त्याच्याशी हे जुळतं.

अंधारखोली

मी मात्र 'खरा फोटो भिंतीवर' याला पूर्ण सहमत नाही. काच हाच विषय करून एका माणसाने चौदा वर्षं फोटो काढले आहेत.

योसेफ सुदेक, प्राग. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. पुढे जड मोठे कॅमेरे, तिपाई आणि लाकडी स्टुडिओ एवढ्यावर संसार. १९४० ते १९५४ या काळात त्याने आपल्या स्टुडिओच्या खिडकीची मालिका केली. सुरुवात झाली तेव्हा शहर जर्मनांच्या ताब्यात होतं, रस्त्यावर मोठा कॅमेरा लावून उभं राहणं सोपं नव्हतं. मग तो खिडकीशी बसला. काचेवर साचलेलं बाष्प, ओघळणारे थेंब, हिमाची नक्षी, पलीकडे अंगणातलं वाकडं झाड. काही फोटोंत झाड ओळखू येतं, काहींत फक्त एक काळी वेडीवाकडी रेघ उरते. याच सुमारास तो एन्लार्जर सोडून फक्त काँटॅक्ट प्रिंट करू लागला, म्हणजे निगेटिव्ह जेवढी तेवढाच प्रिंट. त्यामुळे काचेवरच्या थेंबाथेंबाला वजन आलं.

तिथे भिंतीवर काही पडलेलं नाही. ऊनही बहुधा थेट नाही. तरी थंडी आहे, काच आहे आणि उजेड आहे.

आणखी मागे जायचं तर आज टिकून असलेली सर्वांत जुनी निगेटिव्ह खिडकीचीच आहे. हेन्री फॉक्स टालबॉटने ऑगस्ट १८३५ मध्ये इंग्लंडात लेकॉक ॲबी या आपल्या घरातल्या जाळीदार खिडकीचा फोटो काढला. मूळ प्रतीत काचेचे सुमारे २०० चौकोन भिंगातून मोजता येत होते, असं त्याने स्वतः तिच्याशेजारी लिहून ठेवलं आहे. तावदानं मोजणं हा तेव्हा चित्र किती स्पष्ट आहे हे सांगण्याचा मार्ग होता.

म्हणून रानजाई, भिंतीचे फोटो जरूर काढा, पण तावदानांचेही काढा. एका तावदानाचा आणि त्याने टाकलेल्या उजेडाचा असे जोडीने.

कृष्णाकाठ

आमच्याकडेही जुन्या काचा आहेत. खालच्या बाजूला जाड, वर पातळ. काच मुळात अतिशय घट्ट द्रव आहे आणि शंभर वर्षांत हळूहळू खाली ओघळते असं ऐकलं होतं. या लहरी त्या ओघळण्याच्याच असतील ना? आणि सातारा जिल्ह्यातच ओगलेवाडीचा काचकारखाना होता, तर काचा तिथल्याच असाव्यात का?

सुतारपक्षी

जुन्या दारं-खिडक्यांची दुरुस्ती हे माझं रोजचं काम, म्हणून दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो.

काच ओघळत नाही. ब्राझीलच्या झानोत्तो या शास्त्रज्ञाने १९९८ मध्ये त्याचं गणित मांडलं. घरातल्या तापमानाला खिडकीच्या काचेला डोळ्यांना दिसेल इतकं ओघळायला विश्वाचं वयसुद्धा पुरणार नाही. काच तयार झाली तेव्हाच ती कमीजास्त जाडीची होती. बसवणारे जाड कड बऱ्याचदा खाली ठेवत. मी अशाही चौकटी उघडल्या आहेत जिथे जाड कड वर किंवा बाजूला होती.

ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, तळेगावचा पैसा फंडाचा (लोकवर्गणीतून उभा राहिलेला) १९०८ चा. दोन्हींबद्दल मला फार आदर आहे. पण ओगल्यांचं नाव प्रभाकर कंदील, चिमण्या, बाटल्या यांच्यासाठी. तावदानाची सपाट काच हा निराळा उद्योग, आणि त्या काळात ती बोटीने बाहेरून येई, बेल्जियममधून पुष्कळ. म्हाताऱ्या सुतारांच्या तोंडी अजून 'बेल्जियम काच' असते ती उगीच नाही.

आता काच ओळखायची कशी ते सांगतो, कारण उजेडाचा नमुना त्यावरच ठरतो.

सर्वांत जुनी पद्धत: काचेचा गोळा फुंकून, गरम असतानाच गरगर फिरवून तबकडी करायची आणि तिचे चौकोन कापायचे. तिच्यातल्या लहरी कमानीसारख्या वळलेल्या असतात. आपल्याकडच्या घरांत मला ही क्वचितच भेटली आहे. दुसरी: काच फुंकून लांब नळा करायचा, तो उभा चिरायचा आणि भट्टीत उलगडून सपाट करायचा. लंडनला १८५१ मध्ये क्रिस्टल पॅलेस उभा राहिला त्यातली सुमारे तीन लाख तावदानं या पद्धतीने माणसांनी फुंकलेली. यात बुडबुडे लांबट, एका दिशेने ओढलेले असतात आणि पृष्ठभाग जागोजागी किंचित डबडबलेला. तिसरी: वितळलेल्या काचेतून यंत्राने सलग पत्रा वर ओढायचा. बेल्जियमच्या फुर्कोची ही पद्धत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कारखान्यांत आली. तिच्यात ओढल्याच्या दिशेने समांतर रेघा पडतात. चौथी आजची फ्लोट काच, वितळलेल्या कथलावर तरंगत थंड होते. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने ती १९५९ मध्ये जाहीर केली, भारतात तिचे कारखाने १९९० च्या दशकात आले. ती दोन्ही बाजूंनी इतकी समतल असते की भिंतीवर नुसता चौकोन पडतो.

रानजाईंच्या वर्णनात लहरी उभ्या आणि एकमेकींना समांतर आहेत. त्यावरून मला ती ओढलेली काच वाटते, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची. पण एकाच खिडकीत दोन काळांच्या काचा असणं अगदी नेहमीचं आहे. तुटली की मिळेल ती बसवली. बुडबुडे गोल आहेत की लांबट, हे जवळून बघा.

मांडवीकाठ

गोव्यातून थोडं अवांतर, पण फार नाही.

सालसेतमधल्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात. चपट्या शिंपल्या चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत एकमेकींवर किंचित चढवून बसवलेल्या. काच दुर्मीळ आणि महाग होती तेव्हाची ही सोय. त्यांतून पलीकडचं काहीच दिसत नाही, उजेड मात्र भरपूर येतो. रेघा नाहीत, लहरी नाहीत, कड असलेली सावलीसुद्धा नाही. सगळी खोली दुधाळ, सोनेरी उजळते.

फोटोच्या दृष्टीने ही तुमच्या काचेच्या नेमकी उलट गोष्ट. इथे भिंतीवर काही वाचायला मिळत नाही, पण माणसाचा चेहरा त्या उजेडात फार सुंदर येतो. डिसेंबरात आमच्या शेजारच्या आजी अशा खिडकीशी गोधडी शिवत बसतात, सावलीतल्या सुरकुत्याही स्पष्ट राहतात आणि उजळ बाजू जळत नाही. फोटोसाठी खिडकीची फुटलेली झडप उघडून ठेवू नका एवढंच सांगेन. एका फटीतून आलेलं थेट ऊन सगळा दुधाळपणा मारून टाकतं.

चार्लसकाठ

बॉस्टनहून. इथल्या बीकन हिल भागात काही जुन्या घरांची तावदानं जांभळी आहेत. १८१८ ते १८२४ च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या काचेत मँगनीजचा अंश होता, लोखंडामुळे येणारी हिरवट छटा मारण्यासाठी मँगनीज वापरत. वर्षानुवर्षं उन्हातले अतिनील किरण लागून त्याचा रंग जांभळा झाला. म्हणजे इथे उन्हाने काचच बदलली.

बर्फ पडलेला असेल तर आणखी एक गोष्ट होते. बाहेरच्या बर्फावरून परतलेला उजेड खालून वर येतो आणि छत उजळतं. सावल्या उलट्या दिशेला पडतात. रानजाई, तुमच्याकडे बर्फ नाही, पण खिडकीखाली उन्हात पाण्याने भरलेली परात ठेवून बघा, छतावर तसंच काहीतरी मिळेल.

शेवगा

वाचत आहे, फार छान चर्चा. माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे. जमेल का? आणि ते हवेत उन्हाचे झोत दिसतात तसे फोटो कसे काढतात?

अंधारखोली

मोबाइलवर नक्की जमेल. एचडीआर बंद करा. तो उजेड-सावली सपाट करतो आणि इथे आपल्याला तोच फरक हवा आहे. पडद्यावर उन्हाच्या चौकोनावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि एक्सपोजर दोन्ही तिथे कुलूपबंद होतील. मग बोट खाली ओढून उजेड कमी करा, इतका की चौकोनातल्या लहरी दिसू लागतील. फोन टेकवून ठेवा.

झोत दिसतात ते हवेतल्या धुळीमुळे आणि धुरामुळे. बारीक कण उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्याकडे पाठ करून उभं राहिलात तर झोत जवळपास दिसत नाही. खिडकीकडे तिरकं तोंड करून उभं राहा, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवा आणि झोताच्या मागे अंधारा कोपरा येईल असं बघा. घरात देवापुढे धूप घालतात त्यानंतरची पाच-दहा मिनिटं उत्तम. थंडीत सकाळी गावांत शेकोट्यांचा आणि चुलींचा धूर खाली साचून राहतो, त्याचाही उपयोग होतो.

पण एक लक्षात ठेवा, धूर जितका जास्त तितक्या भिंतीवरच्या लहरी फिक्या. दोन्ही एकाच फोटोत मागू नका.

दख्खनी

भिंगरी, दिशेचं पटलं. आज सकाळी ऑफिसच्या समोरच्या इमारतीवर उन्हाचे वाकडेतिकडे पट्टे दिसले, आमच्या इमारतीच्या दर्शनी काचांवरून परतलेले. काचा तर नव्या कोऱ्या आहेत. हे कसं?

भिंगरी

कडक केलेली काच तापवून रुळांवरून नेतात, तेव्हा तिच्यात अगदी हलकी लहर राहते. दुहेरी काच असेल तर आत कोंडलेल्या हवेच्या दाबामुळे दोन्ही काचा थोड्या वाकतात. परावर्तनात हा वाकडेपणा ठळक होतो, कारण आरशाचा कोन जेवढा बदलतो त्याच्या दुप्पट किरणाची दिशा बदलते. समोरची इमारत वीस-तीस मीटर लांब असेल तर तेवढं पुरतं. मात्र त्या अंतरावर सूर्याच्या रुंदीचा पसरटपणाही वीतभर होतो, म्हणून तुम्हाला रुंद पट्टे दिसले, बारीक रेघा नाहीत. जुन्या काचेचं सौंदर्य खोलीच्या मापाचं आहे. तिच्यातून गेलेलं ऊन दोन-तीन मीटरवर, माणूस जिथे बसतो-उठतो तिथेच सर्वांत चांगलं दिसतं. मला या विषयात हेच सर्वांत आवडतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. सुट्टीत वाईला राहून करून बघितलं.

कार्डशीटची युक्ती विलक्षण आहे. मधल्या खिडकीच्या जुन्या काचांच्या रेघा सर्वांत धारदार येतात त्या खिडकीपासून साधारण अडीच मीटरवर, म्हणजे खोलीच्या मधोमध, जिथे आजवर कुणी बघितलंच नव्हतं. भिंतीवर दिसायचं ते त्याचं पसरलेलं रूप होतं. मामांनी कार्डशीटऐवजी जुना झोपाळ्याचा पाट पांढऱ्या धोतरात गुंडाळून उभा केला, तो हलत नाही आणि मोठाही आहे. मामी एरवी या फोटोंच्या खटाटोपाकडे फिरकत नाहीत, त्या येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरच्या डावीकडची काच वेगळी आहे गं." खरंच आहे. तिच्यात उभ्या रेघा नाहीत, डबडबलेपणा आहे आणि बुडबुडे लांबट आहेत. सुतारपक्षी, ही नळा फुंकून केलेली असावी का?

एक्सपोजरचा सल्ला अगदी नेमका लागू पडला. एक स्टॉप वर ठेवल्यावर लहरी आल्या. सव्वाला एका कोपऱ्यात पांढरं जायला लागलं.

ऊन सरकण्याचा वेग मात्र अंदाजापेक्षा जास्त निघाला. ट्रायपॉड लावून, चौकट जुळवून वर बघावं तर चौकोन पाटावरून उतरायला लागलेला. आता आधी पाट सरकवते, मग चौकट.

अंधारखोली, जोडीने फोटो काढण्याची तुमची सूचना मी घेतली. प्रत्येक तावदानाचा एक फोटो काळ्या कापडासमोर आणि एक त्याच्या उजेडाचा. 'खरा फोटो भिंतीवर' हे माझं मत अजून तसंच आहे, पण वाड्याची नोंद म्हणून एकट्या उजेडाचा फोटो अपुरा आहे हे पटलं. कोणता उजेड कोणत्या काचेचा, हे कळलंच पाहिजे.

भिंगरी

वेगाचं गणित: तीन मीटरवर तो चौकोन मिनिटाला सुमारे सव्वा सेंटिमीटर सरकतो. पाव सेकंदाच्या एक्सपोजरला काही फरक पडत नाही, पण चार-पाच फोटो जोडून एक करणार असाल तर ते लागोपाठ काढा.

सुतारपक्षी

रानजाई, लांबट बुडबुडे आणि डबडबलेपणा, म्हणजे बहुतेक फुंकलेल्या नळ्याचीच. इतरांहून जुनी. ती फार जपा.

आता फोटोंपलीकडचं. वाडा उतरवताना तावदानं सर्वांत आधी जातात. कंत्राटदाराच्या हिशेबात सागवानाला भाव असतो, काचेला नसतो. चौकट विकत घेणारा येतो, काचा तिथेच फोडून टाकतो, कारण नेताना त्या फुटून हात कापायची भीती. म्हणून मामांना आधीच सांगून ठेवा की खिडक्या चौकटीसकट तुमच्या.

काचा चौकटीतून काढायचीच वेळ आली तर जुनी लांबी (काच पक्की करायला लावलेली पुट्टी) पटाशीने ठोकून काढू नका. जवसाच्या तेलात खडूची पूड मळून केलेली असते, वाळून दगड होते. वाफ देऊन मऊ करतात आणि हळूहळू सोडवतात. सरळ आग दाखवली तर काच तडकते. जुन्या रंगात बऱ्याचदा शिसं असतं, घासताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, नुसतं फडकं पुरत नाही, आणि मुलांना लांब ठेवा. काढलेल्या काचा आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, मध्ये कागद घालून.

उत्तरवारा

इथे जुन्या घरांच्या दुरुस्तीत लोक मुद्दाम जुन्या काचा शोधत फिरतात, कारण नवी काच बसवली की घराचं दर्शन बदलतं. तुम्ही काचा ठेवल्यात तर त्या पुन्हा कुठे लावणार आहात?

रानजाई

मामांचं नवीन घर त्याच जागेवर होणार आहे. तिथे जिन्यावर आग्नेयेला एक खिडकी ठेवायची आणि तिच्यासमोर अडीच मीटरवर भिंत येईल असं बघायचं, असं आर्किटेक्टला सांगितलं आहे. भिंत चुन्याची करायला तो तयार आहे. खिडकीवर छज्जा किती पुढे काढायचा यावर बोलणं चालू आहे. डिसेंबरातलं साडेआठचं ऊन अडता कामा नये आणि पावसाळ्यात झड आत येता कामा नये.

सुतारपक्षी, एकच विचारते. तावदानांवर नंबर घालायचे ते आतल्या बाजूने की बाहेरच्या? आणि काचेवर की चौकटीवर?

सुतारपक्षी

दोन्हींवर. काचेवर आतल्या बाजूला कागदी पट्टी चिकटवा, चौकटीवर पेन्सिलने तोच नंबर. पट्टीवर वरची बाजू बाणाने दाखवा, आणि आतली बाजू कोणती तेही लिहा. उलटी बसवली तर रेघा उभ्याच राहतील, पण तुमच्या फोटोंशी जुळणार नाहीत.

छज्जा आखायच्या आधी खिडकीचं माप इथे टाका. भिंगरीताईंना कोन काढता येईल, मी लाकडाचं बघतो.